साळिंदराने बुकमार्क आवरले

बाळांनो, मांडी घालून बसा. मोबाइल खाली ठेवा. एका जंगलात, जिथे पाऊस कमी आणि रेंज भरपूर होती, वामनराव नावाचे साळिंदर राहत होते.

वामनरावांना इंटरनेटवर दिसेल ते पान जपून ठेवायची सवय होती. पान दिसले की लावला बुकमार्क. वाचायचे नंतर. ते नंतर कधी उजाडत नसे. होता होता त्यांच्या पाठीवर काटे कमी आणि ब्राउझरच्या माथ्यावर बुकमार्क जास्त, अशी गत झाली.

एकदा त्यांच्या पत्नीने, इंदुमतीबाईंनी, कंदाचा कडूपणा कसा घालवायचा असे विचारले. आत्ता दाखवतो म्हणून वामनराव शोधायला बसले. बाईंनी वाट पाहिली, मग कंद राखेच्या पाण्यात भिजवला, शिजवला, वाढला. वामनराव जेवतानाही शोधतच होते.

"कसा झालाय?" बाईंनी विचारले.

"थांब, सापडेल," वामनराव म्हणाले.

बाई हसल्या. ते हसणे वामनरावांना लागले.

त्यांनी आवराआवर काढली. जुनी पाने फेकायला घेतली, पण एकही फेकवेना. मग फोल्डर केले. 'खाणे'च्या पोटात 'कंद', 'कंद'च्या पोटात 'गोड' आणि 'कडू'. लांबलचक नावे छाटली. रोजची पाने डोळ्यांसमोर आणली. एक फोल्डर 'तातडीचे' म्हणून केला, तर बघता बघता सगळे त्यातच जाऊन बसले. तेव्हा त्याच्या आत 'खरोखर तातडीचे' हा दुसरा केला.

पण खोटे कशाला बोलायचे, काम झकास झाले. कुणी काही विचारो, वामनराव चुटकीसरशी पान काढून देत. सिंहमहाराजांच्या कानावर गेले. त्यांनी वामनरावांच्या अंगावर शाल पांघरली. ती काट्यांना अडकून टरकन फाटली, तरी दरबाराने टाळ्या वाजवल्या. कोल्हे आणि ससे एका रांगेत बसून फोल्डर करायला शिकले. मग जंगलात कुणी हुंगत फिरेना. हुंगायचे कशाला? वामनरावांना विचारू.

चैत्रात पाणवठा आटला. आधी चिखल राहिला, मग नुसत्या भेगा. हरणांची पाडसे त्या भेगांना जीभ लावू लागली. महाराजांनी वामनरावांना बोलावणे धाडले.

वामनरावांची छाती भरून आली. याच दिवसासाठी तर सगळा खटाटोप होता. 'खरोखर तातडीचे', त्यात 'पाणी', त्यात 'जवळचे'. पापणी लवायच्या आत पान उघडले. दरबार माना उंच करून बघू लागला.

पानावर लिहिले होते, या भागातला सर्वांत भरवशाचा पाणवठा. खाली फोटो होता. तो त्यांच्याच पाणवठ्याचा होता, काठोकाठ भरलेला.

वामनरावांनी घाईघाईने 'लांबचे' उघडले. ती पाने केव्हाच बंद पडली होती.

इकडे इंदुमतीबाई बिळाबाहेर बसल्या होत्या. समोर एक टिटवी उतरली. तिचे पाय ओल्या चिखलाने माखले होते. कुठून आलीस गं, असे बाईंनी विचारले. टिटवीने टेकडीकडे मान वळवली. बाई उठल्या, टेकडी ओलांडून गेल्या, तिकडच्या डोहात पोटभर पाणी प्यायल्या आणि तशाच ओल्या तोंडाने दरबारात आल्या.

"चला सगळे," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्हीसुद्धा. ते बंद करा आधी."

सगळे गेले. सगळे प्यायले. पाडसे उड्या मारू लागली, तेव्हा महाराजांनी मिशा पुसत विचारले, हे पाणी कुणामुळे मिळाले?

इंदुमतीबाई पाडसांना खोल पाण्यापासून मागे हाकत होत्या. वामनरावांनी त्यांच्याकडे पाहिले. क्षणभर त्यांना फार लाज वाटली. मग ते खाकरले.

"मिळालं कसं ते राहू द्या, महाराज," ते म्हणाले. "पुढच्या चैत्रात पुन्हा सापडेल का, ते बघायला नको?"

आणि त्यांनी तिथल्या तिथे नकाशावर डोह शोधून त्याला बुकमार्क लावला.

महाराजांना ही दूरदृष्टी फार आवडली. वामनराव जंगलाचे जलमंत्री झाले. सत्काराच्या वेळी मंत्र्यांच्या पत्नी म्हणून इंदुमतीबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली.

तात्पर्य : बुकमार्क रोजच्या रोज आवरावेत. लग्न मात्र बिळाबाहेर बघणारीशी करावे.