उडता चित्ता आणि दगडोबा कासव

एका जंगलात, बाळांनो, वाघ दोनच उरले होते, पण समित्या अकरा होत्या. हसू नका, तुमच्याकडेही असतीलच.

त्या जंगलात झेंडी नावाची एक खार मोबाईलवरचे गेम बनवायची. तिच्या एका गेमचा नायक होता पंखवाला चित्ता. तो उडत उडत सात डोंगर पार करायचा. सातव्या डोंगरापलीकडे म्हणे समुद्र होता.

दगडोबा कासवाला या गेमचं वेड लागलं. उभ्या जन्मात त्याने आपलं तळं सोडलं नव्हतं. रोज पाला खाऊन झाला की तो मान बाहेर काढून बसायचा आणि भुर्रकन उडायचा. सहा डोंगर झाले होते. आता एकच उरला होता. एकदा समुद्र बघायचा, एवढाच त्याचा ध्यास. मला तर बाई तो फार आवडायचा.

तेवढ्यात बारावी समिती निघाली. आपलेपणा समिती. अध्यक्ष बगळेशास्त्री. ते तासन्‌तास एका पायावर उभे राहत, म्हणून ते विचार करतात असा सगळ्यांचा समज होता.

दगडोबाला खेळताना पाहून शास्त्रीबुवांचा गळा दाटून आला. गळा लांब असल्यामुळे जरा वेळ लागला.

"अरेरे! कासवाच्या हातात चित्ता? बिचाऱ्याला किती परकं वाटत असेल!"

"नाही हो शास्त्रीबुवा, मजा येते," दगडोबा म्हणाला.

"तुला काय वाटतं, ते तू आमच्यावर सोड."

झेंडीला हुकूम सुटला, नायक बदला. तिने पुष्कळ समजावून पाहिलं, पण समितीपुढे शहाणपण चालत नाही. चित्त्याचं कासव झालं. पंख गेले, ढाल आली. अगदी खरं वाटावं म्हणून समितीने गुडघेदुखीही घालायला लावली.

दगडोबाने नवा गेम लावला. कासव चाललं. थांबलं. पाला खाल्ला. पुन्हा चाललं. तीन महिन्यांनी पहिला डोंगर लांबून दिसला.

समिती पाहणीला आली.

"काय दगडोबा, पटली का ओळख?"

"पटली. हुबेहूब मीच."

टाळ्या पडल्या. झेंडीला शाल मिळाली. नारळ अध्यक्षांनी स्वतःकडे ठेवला.

"पण शास्त्रीबुवा," दगडोबा चाचरत म्हणाला, "मी दिवसभर मीच असतो हो. घटकाभर दुसरं कोणी होऊ द्या की. तो जुना चित्ता कुठंय?"

"पुसून टाकला. एकच प्रत ठेवलीय, माझ्याकडे. अभ्यासाला."

दुसऱ्या दिवशी दगडोबा सरपटत तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेला. बगळेशास्त्री एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायात मोबाईल होता. चित्ता सातव्या डोंगरावरून झेपावल्याचा आवाज आला.

दगडोबाने होती नव्हती तेवढी मान ताणली. काहीच दिसेना.

"समुद्र आला का हो?"

"आला ना. निळाशार आहे," मान वर न करता शास्त्रीबुवा म्हणाले. "पण तुला तो आपला वाटला नसता."

तात्पर्य: कासवाला काय आपलंसं वाटावं, हे नेहमी पंखवाल्यांनीच ठरवावं. कासवाला विचारलं, तर ते समुद्र मागतं.