हत्तीसाहेब पुढे सरकत नाहीत

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता. कोणतं जंगल ते विचारू नका. नाव सांगितलं तर तुमच्यातल्या निम्म्यांचे काका तिथे नोकरीला असल्याचं निघायचं.

सिंहमहाराजांना उन्हाळ्यात फार उकडायचं. घाटमाथ्यावर हवा थंड होती. पण घाट चढायचा म्हणजे पायी चालायचं. आणि पायीच चालायचं तर मग राजा कशाला व्हायचं? महाराजांनी हुकूम काढला, "महालच घाटावर न्या. मी आत बसतो."

दरबाराने टाळ्या वाजवल्या. दरबाराला तेवढंच येत होतं.

महाल बांधायचं काम सुतारपक्षी टकोजीकडे गेलं. टकोजी तोंडाचा फटकळ आणि स्वतःच्या चोचीवर भलता खूश. त्याने एक लांबलचक गाडी बनवली. मोठाली चाकं मध्यापासून जरा मागे. वर महाल. पुढून एक तुळई बाहेर आलेली, आणि तुळईच्या टोकाला खाली जाडजूड खुंटा. ओढणाऱ्याच्या पाठीवर लाकडी खोगीर, पोटाखालून आवळलेला पट्टा. खोगिराच्या भोकात खुंटा बसवायचा, त्याला लोखंडी कडी घालायची आणि वर दोन साखळ्या लावायच्या. म्हणजे गाडी नुसती मागून यायची नाही, ओढणाऱ्याच्या पाठीवर थोडी टेकून यायची.

ओढायला निवडला दाजीबा गवा. अंगाने हा एवढा थोरला, पण स्तुती म्हटली की पाघळलाच. त्याला 'वनधुरंधर' असा किताब दिला आणि रेशमी झूल दिली. झाली स्वारी खूश! झूल मिळाल्यापासून तो दिवसातून दहादा तळ्यावर जायला लागला, आणि तहान लागायची म्हणून नव्हे.

त्याची बायको पारू मात्र काळजीत पडली.

"अहो, झूल राहू द्या बाजूला. घाट आहे तो. मानेला काही झालं म्हणजे? मान वर करता आली नाही तर समोरून वाघ येतोय की पाहुणा, कळायचं कसं तुम्हाला?"

"तुला ना, मोठेपणा कशाशी खातात तेच ठाऊक नाही," दाजीबा म्हणाला आणि झुलीची झालर नीट केली.

आधी माळावर रिकामी गाडी ओढून पाहिली. सुरेख चालली. टकोजीने खोगिरावर बसून बजावलं, "ऐक रे बैला—"

"गवा," दाजीबा म्हणाला.

"तेच ते. यात भरताना जड ते चाकांच्या पुढे भरायचं. थोडा भार तुझ्या पाठीवर आलाच पाहिजे. जास्त आला तर तू बसशील. कमी आला तर गाडी उलाळ होईल. उलाळ म्हणजे शेपटाकडे जड. मग पुढचा खुंटा वर उचलायला बघतो आणि मागचं टोक दारुड्यासारखं डुलतं. कळलं का?"

दाजीबा झुलीकडे बघत होता. "कळलं," म्हणाला.

निघायचा दिवस शनिवार ठरला. राजगुरू अस्वलाने मुहूर्त काढला, मग कडी बघितली, मग साखळ्या बघितल्या आणि डोळे मिटून घेतले.

"शिव शिव! शनिवारी नवं लोखंड लावायचं नाही."

"मग रविवारी निघा," टकोजी म्हणाला.

रविवारी सेनापती हत्तीसाहेबांचं सासुरवाडीला जेवण होतं. तेव्हा रविवार गेला. लोखंडी कडी गेली, तिच्या जागी चंदनाची नक्षीदार कडी आली. साखळ्या गेल्या, त्यांच्या जागी झेंडूच्या माळा आल्या. दिसायला सगळं इतकं झकास झालं की जो तो येऊन माळांना हात लावून जाऊ लागला.

आता आली बसायची वेळ. बाळांनो, इथे नीट ऐका.

या जंगलात बसण्याची एक रीत होती. जितका मान मोठा, तितकी जागा मागची. पुढे धूळ येते, पुढे गव्याचं शेपूट फटके मारतं आणि गवा वेळकाळ न बघता शेणही टाकतो. त्यामुळे पुढे बसायचे ते हलके लोक. रीत सांभाळायला साळिंदर बापूसाहेब होते. त्यांचं दुसरं काही कामच नव्हतं, म्हणून हे ते फार मन लावून करत.

महाराज सगळ्यात मागे बसले. त्यांच्या शेजारी सेनापती हत्तीसाहेब. मग राजगुरू अस्वल, आणि त्यांच्याबरोबर मधाची पिंपं. जड म्हणून जे जे होतं ते शेपटाला जाऊन बसलं. पुढच्या बाकांवर चार ससे तेवढे. तेही इतके बिचकलेले की त्यांचं असलं नसलं वजनही त्यांनी धरून ठेवलं असावं.

आणि काय झालं असेल? सांगा बघू!

बरोबर. तुळई उचलली. खुंट्याबरोबर खोगीर वर गेलं, पोटाखालचा पट्टा कचकन आवळला आणि दाजीबाचे चारही पाय जमिनीवरून सुटले. एवढा थोरला गवा, पण झोळीत घातलेल्या पोरासारखा लोंबायला लागला.

"श्वास... श्वास घेता येत नाही," तो कसाबसा म्हणाला.

"काय म्हणतोय?" महाराजांनी विचारलं.

"आनंदाने पाय ठरत नाहीत म्हणतोय, महाराज," बापूसाहेब म्हणाले.

टकोजी ताडकन उडत आला. "अहो, डोकी आहेत का भोपळे? गाडी उलाळ झालीय! हत्तीसाहेब, उठा. चाकांच्या पुढे या. चार पावलं फक्त!"

हत्तीसाहेबांनी सोंड हळूहळू गुंडाळली. त्यांना राग आला की ते तसं करत.

"मी? पुढे? सशांच्या रांगेत?"

"चार पावलं हो!"

"माझे आजोबा कधी पुढे बसले नाहीत. माझे वडील बसले नाहीत. उद्या माझ्या पोरांना सोयरिकी यायला हव्यात की नकोत?"

अस्वलालाही पुढे सरकायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मी सरकलो असतो हो. पण हत्तीसाहेबांच्या आधी सरकलो तर ते बरं दिसणार नाही." महाराजांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. मधाच्या पिंपांना विचारता आलं असतं. पण ती राजगुरूंची पिंपं, त्यांनाही मान होताच.

मग गाडीतच बैठक बसली. दाजीबा लोंबतच होता. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. बऱ्याच चर्चेनंतर बापूसाहेबांनी निर्णय वाचून दाखवला. मागची बाजू जड आहे, असं म्हणणं मागच्यांचा अपमान ठरेल. सबब पुढची बाजू हलकी आहे. म्हणजेच गवा कमी पडतो आहे. तरी गव्याचं वजन वाढवावं.

आणि वाढवलं की! नदीतले गोटे आणले, पोत्यांत भरले आणि पोती दाजीबाच्या मानेला बांधली. एक, दोन, आणखी दोन. शेवटी त्याचे चारही पाय जमिनीला टेकले. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

"अरे गाढवांनो, हा तोल नव्हे!" टकोजी किंचाळला. "मागचं मागे तसंच आहे! चढ लागला की सगळा भार आणखी मागे जाईल आणि ह्याची मान—"

तेवढ्यात बापूसाहेबांनी टकोजीचा सत्कार जाहीर केला. शाल, श्रीफळ आणि 'शिल्पवाचस्पती' पदवी. नारळ टकोजीपेक्षा मोठा होता. त्याने तो दोन्ही पायांनी कवटाळला, शालीत मान आत घेतली आणि मग त्याला घाटाबद्दल काही म्हणायचं उरलं नाही. फटकळपणाची किंमत एवढीच असते बाळांनो, एक नारळ. बहुतेकांना तर करवंटीही पुरते.

पारू गर्दीतून वाट काढत पुढे आली. "अहो, नाही म्हणा! सोडवा म्हणा मला. तुमच्या तोंडात काही जीभ आहे की नाही?"

दाजीबाला नाही म्हणायचं होतं. मान ठणकत होती, पोट चेचलं होतं. पण वनधुरंधर नाही म्हणाला तर सगळं जंगल हसलं असतं. तो म्हणाला, "काही नाही गं. जमेल." आणि निघाला. त्याला मी मूर्ख म्हणतो. तुम्हीही म्हणा. बाकीच्यांना काय म्हणायचं ते मोठे झाल्यावर तुम्हाला कळेलच.

सपाटीला गाडी गेली. डुलत, करकरत, पण गेली. महाराजांना डुलणं आवडलं. "पाळणाच जणू!" म्हणाले. हत्तीसाहेबांना डुलकी लागली.

मग घाट आला. पुढची बाजू चढाला लागली तशी मधाची पिंपं घरंगळत मागे गेली. हत्तीसाहेब झोपेतच मागे घसरले. खुंटा वर उचलायला लागला. दाजीबा एका बाजूने गोट्यांनी खाली ओढला जात होता आणि दुसऱ्या बाजूने पट्ट्याने वर उचलला जात होता. मधे त्याची मान होती. त्याने खुर रोवले, दात आवळले. एका वळणावर मागच्या टोकाने असा काही झोका घेतला की चंदनाची कडी कडाकडा मोडली. वास मात्र फार छान सुटला.

झेंडूच्या माळांनी गाडी धरून ठेवायचा प्रयत्न केला, असं म्हणायला हरकत नाही.

महाल उलटा निघाला. महाराज, सेनापती, राजगुरू, पिंपं सगळी मानाने मागे बसलेली, त्यामुळे खाली पोचण्याचा पहिला मानही त्यांचाच. ससे पुढच्या पुढे उड्या मारून वाचले. टकोजी नारळ सोडून उडाला. महाल घाटाखालच्या दलदलीत भच्चकन जाऊन रुतला. कुणाला खरचटलंही नाही. चिखल फार मऊ होता.

पण इकडे वर, पाठीला वर उचलणारा ताण एकदम सुटला आणि मानेवरचे गोटे तसेच राहिले. दाजीबा तोंडावर आपटला. मानेतून आवाज आला. पारूला तो अर्ध्या घाटातून ऐकू आला.

चौकशी बापूसाहेबांनी केली. त्यांनी दरबारात निकाल वाचला. अपघाताच्या वेळी महाराज आपल्या जागी होते. सेनापती आपल्या जागी होते. राजगुरू आपल्या जागी होते. गाडी सोडून भलतीकडे सापडला तो एकटा गवा.

"त्याला आणा," महाराज म्हणाले.

पारूच्या आधाराने दाजीबा आला. त्याची मान खाली गेली होती ती वर येईना. मान जमिनीकडे, नजर स्वतःच्या खुरांवर. पारू ओरडली, "बघा हो, काय केलंत माझ्या माणसाचं! चार पावलं सरकायला सांगितलं होतं, चार पावलं!" तिला दोघा तरसांनी बाहेर काढलं.

महाराज मात्र गव्याकडे टक लावून बघत राहिले. मग त्यांचे डोळे पाणावले.

"एवढा अपराध केला," ते म्हणाले, "पण विनय बघा याचा! उभा आहे तो खाली मान घालून. याला माफ करा. आणि काय हो बापूसाहेब, बाकीचे गवे असे का नाही उभे राहत?"

बापूसाहेबांनी ताबडतोब ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून जंगलातल्या प्रत्येक गव्याच्या मानेला एकेक गोटा बांधायला सुरुवात झाली. कुणी कुरकुर केली नाही. दाजीबाला त्यांचा म्होरक्या नेमला आणि 'विनयभूषण' हा आणखी एक किताब दिला. तो किताब सोन्याच्या अक्षरांत त्याच्या कपाळावर बांधला. दाजीबाला तो दिसत नाही. पारूचं तोंडही दिसत नाही. ती रोज समोर येऊन बसते, जमिनीला गाल लावते, तेव्हा कुठे नवरा-बायकोची नजरानजर होते.

नवा महाल तयार होतो आहे. या खेपेला मागची बाकं जास्त रुंद आहेत.

तात्पर्य : बाळांनो, गाडीत बसायचं तर नेहमी मागेच बसावं. गाडी कुणामुळेही उलटली तरी चौकशी पुढून सुरू होते आणि पहिल्याच गव्यापाशी संपते.