साडूभाऊंचं नाक

रंगाऱ्याला गेली सात वर्षं कसलाही वास येत नव्हता आणि ही गोष्ट त्याने बायकोला सांगितलेली नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये कपाटांना फवाऱ्याने रंग मारता मारता थिनरने नाक कधी निकामी केलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कळलं ते एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि हा शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेला सापडला तेव्हा. "मला वाटलं, तू मुद्दाम आटवतेयस," असं म्हणून त्याने वेळ मारून नेली होती.

खरं तर सांगून टाकायला काय हरकत होती? पण मध्ये साडू आडवा येत होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा साबणाच्या कारखान्यात होता आणि त्याचं काम एवढंच, की तयार झालेला साबण हुंगायचा आणि पास की नापास ते सांगायचं. हुंगण्याचा पगार! "भाऊजींचं नाक म्हणजे नाक आहे हो!" असं बायको म्हणाली, की रंगाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. त्या नाकाला आता तेवढं एकच कळत होतं.

त्या वर्षी दोन्ही जोडपी मिळून सुट्टीला एका तळ्याकाठच्या विश्रामगृहात गेली. शेवटच्या संध्याकाळी चौघं व्हरांड्यात बसली होती. अंधार पडला आणि बायको बोलता बोलता मध्येच थांबली.

"अगंबाई! ताई, वास आला का तुला?"

"आला की! लवंगेसारखा आहे ना गं?"

साडूने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि छाती भरून श्वास घेतला. "लवंगच. आणि मागून हलकासा मध. अप्रतिम!"

"अहाहा!" रंगारी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाला.

"असा वास रोज संध्याकाळी आपल्या गॅलरीत आला ना, तर मला आयुष्यात दुसरं काही नको," बायको म्हणाली. म्हणाली ते ठीक, पण म्हणताना तिने साडूकडे पाहिलं. रंगाऱ्याचा रात्रभर डोळा लागला नाही. हे झाड आपल्या गॅलरीत फुलवायचं आणि आपणच फुलवायचं, असं त्याने पहाटे नक्की केलं.

सकाळी दहाची बस होती. बागेत पाहावं तर वासाचा पत्ता नाही आणि झाडं पन्नास. रंगाऱ्याने माळ्याला गाठलं. "रात्री घमघमतं ते झाड कुठलं हो?"

"मी दिवसपाळीचा माणूस," माळी म्हणाला. "पाचला घरी जातो. रात्री काय होतं, ते मला नका विचारू."

"भाऊजी सांगतील," बायको म्हणाली. "भाऊजी, जरा हुंगून बघा ना."

साडू घाईने मागे सरकला. "दिवसा कसं कळणार? वास मिटलेला असतो."

संधी बरी होती. "त्यात काय विचारायचंय? मी रात्रीच हेरून ठेवलंय," असं म्हणून रंगाऱ्याने कुंपणाजवळच्या सगळ्यांत देखण्या झुडपाच्या चार फांद्या छाटून घेतल्या. गर्द हिरवी पानं, टपोऱ्या पांढऱ्या कळ्या. एवढं रुबाबदार झुडूप वासाचं नसणार, तर दुसरं कुठलं असणार? ताईने मात्र नळापाशी वाकून कसल्याशा मरतुकड्या गवताच्या वाळक्या शेंगा रुमालात बांधल्या. "काल बाटली भरायला आले, तेव्हा वास इथे जास्त वाटला," ती म्हणाली. रंगारी बसमध्ये बराच वेळ मनाशी हसत होता. एवढं नाकवाल्याचं घर, आणि नेलं काय, तर गवत!

फांद्या रुजल्या. रंगाऱ्याने खत घातलं, पानं ओल्या फडक्याने पुसली, कुंडीलासुद्धा आधी अस्तर लावून दोन हात रंग दिला. एक पान घेऊन तो रोपवाटिकेत जाऊन आला. तिथल्या माणसाने पान चुरडून नाकाला लावलं. "नाव नाही सांगता येत, पण वासबीस काही नाही बुवा याला."

"दिवसा कुठून असणार?" रंगारी खुशीत म्हणाला. "तीच तर खूण आहे त्याची!"

चार महिन्यांनी पहिली फुलं उमलली. संध्याकाळी त्याने बायकोला गॅलरीत खुर्ची मांडून दिली.

"येतोय का हो?" तिने जरा वेळाने विचारलं.

"येतोय म्हणजे? डोकं भणभणलंय माझं!"

"मला नाही येत."

"सर्दी झाली असेल तुला."

बिचारीने तीन दिवस वाफ घेतली. मग नाकात थेंब घातले. शेजारीण येऊन हुंगून गेली आणि रंगाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून "आहे, मंद आहे," म्हणाली. त्यामुळे बायको आणखीच घाबरली आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. डॉक्टर काय म्हणाले, ते तिने सांगितलं नाही. रंगाऱ्यानेही फार खोलात जाऊन विचारलं नाही. आपल्यापायी तिला धडधाकट नाकात नळ्या घालून घ्याव्या लागल्या, याची त्याला लाज वाटत होती. पण आता कबूल करावं, तर ते साडूच्या कानावर जाणार.

आणि शुक्रवारी संध्याकाळी ती गॅलरीतून ओरडली, "अहो, आला! आला वास! तोच, लवंगेचा!"

रंगारी धावत गेला. ती डोळे मिटून उभी होती आणि तिचा चेहरा तळ्याकाठी होता तसाच झाला होता. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्यालाही एवढा एकच वास यावा. पुढच्याच मिनिटाला त्याने साडूला रविवारी संध्याकाळच्या चहाचं आमंत्रण दिलं.

रविवारी दुपारी त्याने गॅलरी धुवायला काढली. झुडपाच्या मागे कोपऱ्यात एक लहानशी कुंडी निघाली. तिच्यात काही माना टाकलेल्या काड्या होत्या आणि त्यांवर चुरगळलेल्या कागदासारखी चार फुलं. साडूने हे पाहिलं असतं, तर शोभाच झाली असती. रंगाऱ्याने काड्या मुळासकट उपटल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आला.

संध्याकाळी दोघं आली. चहाचे कप हातात घेऊन चौघं गॅलरीत उभी राहिली. अंधार पडला.

"अहाहा!" रंगाऱ्याने सुरुवात केली.

साडूने डोळे मिटले, मान मागे टाकली. "अप्रतिम! तीच लवंग, तोच मध. मानलं तुम्हाला, साडूभाऊ."

हे ऐकायला रंगारी सात वर्षं थांबला होता. पण दोघी बहिणी एकमेकींकडे पाहत होत्या. बायको झुडपामागे वाकली.

"अहो, इथली छोटी कुंडी रिकामी कशी?"

"त्यातलं वाळकं गवत ना? उपटून टाकलं मी दुपारी."

"गवत काय, अहो! वासाचं झाड होतं ते! ताईने नळाजवळच्या बियांचं लावलेलं. दिवसा ते तसंच मरगळलेलं असतं." मग तिचा आवाज खाली आला. "डॉक्टर मला म्हणाले, 'बाई, तुमचं नाक ठणठणीत आहे, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या.' तेव्हा कुठे मला त्या दुधाचा उलगडा झाला. एवढ्या हौसेने झाड वाढवलंत, तुमचा हिरमोड नको, म्हणून ताईकडून कुंडी आणून मागे लपवली होती."

रंगाऱ्याचे कान तापले. गुपित फुटलं, तेही साडूच्या देखत! आता हा आयुष्यभर हसणार, म्हणून त्याने चोरून साडूकडे पाहिलं. साडू हसत नव्हता. तो गॅलरीच्या कठड्याचा रंग फार बारकाईने बघत होता.

"झाड तर दुपारीच गेलं," ताई सावकाश म्हणाली. "मग तुम्हाला आत्ता लवंग कुठून आली हो?"

साडूने कठड्याचा रंग नखाने जरासा खरवडून पाहिला.

"तो मोठा ताप आला होता ना मला," साडू कठड्यालाच सांगू लागला. "तेव्हापासून. कारखान्यात शेजारच्या टेबलावरच्या बाई आधी हुंगतात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो आणि सही करतो."

ताईने कपाळावर हात मारला. धाकटीने तिला दंडाला धरून आत नेलं. आतून आधी कुजबुज ऐकू आली आणि मग दोघींचं हसणं, ते थांबेचना. "ताई, तुझ्याकडे दुसरी कुंडी आहे ना गं?" "आहे. पण या खेपेला कुलपात ठेव बाई!"

बाहेर ते देखणं, बिनवासाचं झुडूप मध्ये ठेवून दोघे साडू गार चहा पीत उभे राहिले.

"कारखान्यात कळू देऊ नका हं," साडू म्हणाला.

"छे छे! मी कशाला सांगतोय?" रंगाऱ्याने दोन घोट घेतले. मग न राहवून विचारलं, "ताप कधीचा म्हणालात?"

"झाली दोन वर्षं."

"दोनच?" रंगाऱ्याची मान नकळत ताठ झाली. "माझं जाऊन सात झाली!"