सासरेबुवांच्या घड्याळावरचा चरा

मनगटी घड्याळांतलं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणाला कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो! गेले चार महिने मी दुसरं काही वाचलेलंच नाही. चावी म्हणू नये, क्राउन म्हणावं. काच म्हणू नये, क्रिस्टल म्हणावं. पट्टा ज्या चार शिंगांना अडकतो, त्यांना लग म्हणतात. हे मी बायकोला सांगितलं, तिच्या मैत्रिणींना सांगितलं आणि दातांच्या डॉक्टरांना तर त्यांचे दोन्ही हात माझ्या तोंडात असताना सांगितलं.

त्यामुळे सासरेबुवांच्या जुन्या घड्याळाचा पट्टा तुटला, तेव्हा त्यांनी ते माझ्याच हवाली केलं. "जावईबापू, फक्त पट्टा बदला हं," ते म्हणाले. 'फक्त'वर त्यांनी जरा जोर दिला होता, पण माझ्यासारख्या जाणकाराला असे बारीकसारीक शब्द ऐकू येत नाहीत.

रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. बायको त्यांना आणायला सकाळीच गाडी घेऊन गेली. मी पाच मिनिटांत पट्टा बसवला, आणि मग मला तो चरा दिसला! खालच्या एका लगवर, चांगला खोल. एवढं देखणं घड्याळ आणि त्यावर हे! मी बारीक पॉलिश पेपर घेतला, मग पेस्ट, मग मऊ फडकं. तासभर मान मोडून घासलं. चऱ्याचं नामोनिशाण उरलं नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन.

"पट्टा बसला?"

"बसला! शिवाय बाबांसाठी एक गंमत पण आहे!"

"बरं, ऐक. बाबा माझ्या जन्माची गोष्ट सांगतायत, पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्याचा जिना, ते लोखंडी दार, धाडकन आपटलेलं मनगट... त्यांना घड्याळाशिवाय चैन पडत नाहीये. जरा त्या चऱ्याचा फोटो पाठव ना."

मी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं. "कुठला चरा?"

"कुठला काय! मी झाले त्या दिवशी पडलेला. लहानपणी त्यावर बोट ठेवल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आठ वर्षं ऐकतोयस ना ही गोष्ट?"

ऐकत होतो खरा, पण ती गोष्ट नेहमी जेवताना निघायची आणि माझं सगळं लक्ष ताटात असायचं. "बॅटरी संपतेय," असं म्हणून मी फोन ठेवला. ती पाऊण तासात येणार होती. आणि बायकोच्या जन्माची खूण मी घासून पुसून टाकली होती!

एकच उपाय होता. चरा परत पाडायचा!

पण नेमका कुठे? घासायच्या नादात मी लग कुठला तेसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. फोनमध्ये शोधता शोधता गेल्या वर्षीचा बापलेकीचा फोटो सापडला. बाबांचा हात तिच्या खांद्यावर, मनगट अगदी पुढे. मोठा करून पाहिला. चरा पाचाच्या आकड्याच्या बाजूच्या लगवर! सुटलो!

स्क्रूड्रायव्हर स्टीलवरून नुसताच घसरला. मग वाटलं, मूळ चरा लोखंडी दारावर आपटून पडला होता, तर आपणही तसंच करावं. घड्याळ मनगटावर बांधून मी खाली गेलो आणि इमारतीच्या फाटकावर धावून गेलो.

"साहेब, काय करताय?" वॉचमन खुर्चीतून उठले.

"धडकतोय."

"अहो, लागेल ना!"

"लागायलाच हवं!"

त्यांनी खुर्ची चार पावलं मागे घेतली. मी तीनदा धावलो. तिन्ही वेळा ऐन क्षणी क्रिस्टल फुटेल या भीतीने हात वर गेला आणि कोपर आपटलं. कोपराला तीन चरे पडले. घड्याळ तसंच गुळगुळीत!

दहा मिनिटं उरली. वर पळत आलो, जुन्या कंपासपेटीतला कर्कटक काढला, दात-ओठ खाल्ले आणि सगळा जीव एकवटून ओढला. कर्र! पडला! नवा वाटू नये म्हणून त्यावर कुंडीतली माती चोळली. हात पुसतोय तोच बेल वाजली.

बाबांनी घड्याळ बांधलं. सवयीने त्यांचा अंगठा लगवर गेला, पण सातच्या बाजूच्या! तिथे फिरला. थांबला. पुन्हा फिरला. मग तो अंगठा हळूहळू पाचाकडे सरकला, चऱ्यावर टेकला, आणि बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहू लागलो.

"वा," ते म्हणाले. "पट्टा छान आहे."

वाचलो! तेवढ्यात बायकोने बोट पुढे केलं. "बघू, बाबा... हा इथे कसा? सातच्या बाजूला होता ना?"

"जुन्या घड्याळांचं असंच असतं," मी म्हणालो. "धातू जरा सरकतो."

"तू पॉलिश केलंस!"

मी सगळं कबूल केलं. पुरावा म्हणून फोटोही दाखवला. तिने तो एकदाच पाहिला.

"अरे, हा सेल्फी आहे! आरशासारखा उलटा आलाय! तुझं ते क्राउन डावीकडे दिसतंय, तेही कळलं नाही?"

चार महिन्यांचा माझा अभ्यास तिथल्या तिथे संपला. पण पुढचं जास्त लागलं. तिचे डोळे भरून आले. "माझा चरा होता रे तो," ती म्हणाली. मला मनापासून वाईट वाटलं.

बाबांनी घसा खाकरला. "त्यांना बोलू नकोस, बाळ. तू दोन वर्षांची होतीस ना, तेव्हा मीही ते पॉलिश करून आणलं होतं. तुझी आई अशी भडकली, अशी भडकली, की मी सुरीने चरा परत पाडला. घाईत बाजू चुकली. खरा चरा पाचाच्याच बाजूला होता. जावईबापूंनी आज तो योग्य जागी नेलाय."

"म्हणजे मी मूळ जागीच..." माझी छाती फुगली.

"तू गप्प बस!" ती म्हणाली. "आणि बाबा, तुम्हीपण!"

तिने बाबांच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, स्वतःच्या मनगटावर बांधलं आणि बजावलं, "आता हे माझ्याकडे राहील. दोघांपैकी कुणीही हात लावायचा नाही." एवढं बोलून ती आत निघून गेली.

आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसलो.

"किती वाजले हो?" बाबांनी हळूच विचारलं.

घड्याळांबद्दल एवढं वाचण्याच्या भरात मी अजून एकही घेतलेलं नव्हतं, आणि माझा फोन ती आत घेऊन गेली होती. "तिला विचारावं लागेल," मी म्हणालो.

"मग विचारा की."

"तुम्ही विचारा ना, बाबा. आज वाढदिवस तुमचा आहे!"