तांबडीची लेक काळी

गाय दिसली की तिची माय कोणत्या रंगाची होती, हे विचारल्याशिवाय वाघमारे सर पुढे जात नसत. एकदा तामसीहून आदिलाबादला येताना बस थांबली, तर हे एका गुराख्याला विचारायला खाली उतरले. बस निघून आली. त्यांची पिशवी माझ्या मांडीवर राहिली.

सर आमच्या बोथच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मी तिथलाच क्लार्क, आणि त्यांचा शेजारी. या माणसाने बसून चहा प्यायलेला मी पाहिला नव्हता. कप हातात आणि फेऱ्या चालू. "वरून काळी, ठीक. आतून काय?" हे पालुपद. काळा रंग वरचढ, तांबडा आत दबून राहतो, हे त्यांनी टपरीवरच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला पटवलं होतं. काळ्या गाईला काळ्या वळूपासून तांबडं वासरू झालं म्हणून बाजारात दोघे भांडत होते. तांबडा तुमच्या दोन्ही जनावरांच्या आत आहे, असं सांगून सरांनी दोघांच्याही शिव्या खाल्ल्या.

त्यांच्या दारची गाय काळी. तिची माय मात्र तांबडी, सरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मुधोळच्या माहेराहून आंदण आणलेली. वहिनी गेल्या, पाठोपाठ तांबडीही गेली. तेव्हापासून सर काळीला हुडकून हुडकून तांबड्याच वळूकडे नेत. मायकडून तिला तांबडा मिळालेलाच आहे, कधीतरी बाहेर येईलच, हा हिशेब. वासरं काळीच निघत. मग पुन्हा फेऱ्या. बघून बघून मलाच घेरी यायची.

परवा गाय व्यायला झाली. सर सकाळपासून गोठा ते फाटक, फाटक ते गोठा. मलाही टेकू देईनात. शेवटी कालवड झाली. काळीभोर. मला फार वाईट वाटलं.

"सर, काऊन एवढं तांबड्याच्या मागं लागले? दूध तर काळीचं बी चांगलं हाये."

सर गोणपाटाने कालवड पुसत होते.

"लग्नानंतर ती त्या तांबडीच्या गळ्यात पडून रडे. मी दारातून पाहून राह्यलो होतो. दोघी अशाच ध्यानात हायेत. तिचा एक फोटो नाही माह्यापाशी. गाय तरी तशी दिसावी वाटे."

मग सर कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हिचा बाप तांबडा. म्हंजे हिच्यात बी हायेच."

मी घरून चहा घेऊन गेलो. सर गोठ्यात मांडी घालून बसले होते, कालवडीचं डोकं मांडीवर. त्या दिवशी त्यांनी चहा बसून प्यायला.