दादासाहेबांचा उजवा पाय

दसऱ्यानंतर चारच दिवसांनी दादासाहेबांचा उजवा पाय भर ड्युटीत गायब झाला. म्हणजे जागेवर होता, बुटात होता, पण लागत नव्हता. निघोज्याच्या कारखान्यात ते बारा वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होते. त्या दिवशी ब्रेक दाबायला गेले, तर कमरेखालून टाचेपर्यंत नुसत्या मुंग्या, आणि ब्रेक किती दाबला गेला ते काही कळेना. माल उचललेली गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. भिंतीशी कोणी उभं नव्हतं, एवढंच नशीब.

दादासाहेबांना घाम फुटला. त्यांच्या मामांचंही असंच पायापासून सुरू झालं होतं, आणि मामा नऊ वर्षं खाटेवर होते. महिनाअखेरीला कंपनीची वार्षिक तपासणी. त्यात नापास म्हणजे फोर्कलिफ्ट कायमची सुटली, आणि दुसरं काही त्यांना येत नव्हतं. 'कंबर धरलीय' असं साहेबांना सांगून त्यांनी गाडी सोडली आणि मालाची चलनं लिहायच्या टेबलाशी खुर्चीवर बसायचं काम मागून घेतलं. बसून आराम पडेल, अशी त्यांची कल्पना. दोन दिवसांत पाय जास्तच बिघडला.

"कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दसऱ्यानंतर सुरू झालं, साहेब."

"तेव्हा पडलात? जड काही उचललंत?"

"नाही हो. खंडेनवमीला गाडीची पूजा केली, हार घातला, नारळ फोडला. बस."

डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तिथल्या माणसानं खिसे रिकामे करायला लावले. दादासाहेबांनी सगळं बायकोच्या, विजयश्रीच्या हातात दिलं आणि गाऊन घालून त्या बोगद्यात जाऊन पडले. मशीन धडधडत असताना पाय मात्र एकदम शहाण्यासारखा वागत होता. रिपोर्ट आला, नॉर्मल. मग नसांची तपासणी झाली. पुन्हा गाऊन, पुन्हा आडवे, पुन्हा नॉर्मल.

"अहो, चांगलंच आहे की!" डॉक्टर म्हणाले.

चांगलं कसलं? मशीन दिसताच लपून बसणारा आजार किती बनेल असेल, या विचारानं दादासाहेबांची अन्नावरची वासनाच उडाली.

"मशिनीत दिसत नाही म्हणजे दृष्टच आहे," विजयश्रीनं निकाल दिला. "पूजेची सुपारी मी खंडेनवमीलाच तुमच्या पाकिटात ठेवली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं. आता हा देवीचा अंगारापण राहू द्या."

मग तांब्याचा ताईत आला. पाय सुधारेना, तशी आणखी एक सुपारी आली, लाल फडक्यात घट्ट बांधलेली. रोज संध्याकाळी विजयश्री त्यांचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. ते बघून दादासाहेब आणखीच घाबरायचे.

दवाखान्यात काही सापडेना, तेव्हा त्यांचा संशय मोटारसायकलच्या सीटवर गेला. चिखलीत जहीर सीट भरून द्यायचा. त्यानं सीटवरून हात फिरवला आणि भुवया चढवल्या.

"दादाभाऊ, डावीकडचा फोम नवा कोरा, उजवीकडं खड्डा! मागच्या खिशात काय ठेवता?"

"पाकीट."

"काढा बघू. हे पाकीट आहे का उशी?"

पाकीट उघडलं. दोन सुपाऱ्या, अंगाऱ्याच्या तीन पुड्या, ताईत आणि जुने गेटपास बाहेर आले. जहीरनं सुपारी सीटवर ठेवून अंगठ्यानं दाबली.

"आणि ह्याच्यावर तुम्ही आठ-आठ तास बसता? मग पाय बिचारा काय करणार!"

दादासाहेब रिकाम्या खिशानं तासभर तिथल्या बाकड्यावर बसले. पाय जिवंत होता. दुसऱ्या दिवशीही होता, आठवड्यानंतरही होता. तपासणी पास झाली. फोर्कलिफ्टवर परत चढताना त्यांना चक्क रडू आलं. सुपाऱ्या त्यांनी गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवून दिल्या.

"गुण आला ना माझ्या सुपारीचा?" विजयश्रीनं विचारलं.

तिचा उजळलेला चेहरा बघून खरं सांगायचा त्यांना धीर होईना.

"आला," दादासाहेब म्हणाले.

नंतरच्या सोमवारी ते पहिल्या शिफ्टला निघाले. कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची ठरलेली. ड्रायव्हर रंगराव बायको कुसुमसह त्यांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. मागे चाळीस माणसं डुलक्या घेत होती. पुढचा ट्रेलर थांबला, आणि बस जरा उशिरानंच थांबली. दादासाहेबांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"काय झालं, रंगराव?"

"काय न्हाई. तुमच्या मंडळींचं लई उपकार हायत बघा. तुमच्या पायाचं ऐकल्यापासनं आमच्या कुसुमनं धोशाच लावलेला. म्हनली, तुमच्या हातात चाळीस जनांचा जीव हाय. परवा तुमच्या मंडळींकडनं मंतरलेली सुपारी आनली अन् माज्या पाकिटात ठिवली."

दादासाहेबांनी समोर पाहिलं. पुढं उतार होता, आणि उताराच्या तळाशी लाल सिग्नल.

"पाकीट... कुठल्या खिशात?"

"मागल्या. का वो?" रंगरावांनी मांडीवर बुक्की मारली. "पर कालपासनं ह्या उजव्या पायाला कशा मुंग्या येत्यात, काय कळंना."

दादासाहेबांनी दोन्ही हातांनी समोरचा दांडा गच्च धरला.

"सांगतो, सगळं सांगतो," ते म्हणाले, "आधी ब्रेक लागतोय का बघा!"