उपाशीपोटी, पण प्लेट घेऊन

वॉम्बारीच्या महिला मंडळात बेरिल टकवेलचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. म्हणूनच डॉ. हाइकेंनी तिलाच फोन केला. बाई नुकत्याच जर्मनीहून ऑस्ट्रेलियात आल्या होत्या आणि हृदयरोगाच्या संशोधनासाठी गावोगाव बायका शोधत होत्या. आजवर जे तपासलं ते बहुतेक पुरुषांनाच. आता बायका मिळाल्या नाहीत तर हे संशोधनही गुंडाळावं लागेल, असं त्या अगदी रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"बायकांना कुठला हो हृदयरोग?" बेरिल म्हणाली. "तो माझ्या नवऱ्याला, क्लॅरीला. बायपास झालीय त्याची. पण तुम्ही काळजी करू नका, अख्खं मंडळ घेऊन येते."

"सगळ्या उपाशीपोटी या हं. आधी रक्त घ्यायचंय."

"येऊ की. आणि प्लेट आणायची ना?"

रक्त दिल्यावर दोन बिस्किटं ठेवायला लागेलच, असा विचार करून बाई म्हणाल्या, "हो हो, प्रत्येकीनं एकेक आणा."

आता वॉम्बारीत प्लेट आणायची म्हणजे घरी केलेल्या पदार्थानं भरून आणायची, हे जर्मनीत कोण शिकवणार? मंगळवारी सकाळी मंडळाच्या हॉलमधलं टेबल चॉकलेट-खोबऱ्याचे लॅमिंग्टन केक, क्रीम घातलेला पावलोवा आणि सॉसेज रोल यांनी भरून गेलं. मधोमध बेरिलचा क्रीम-स्पंज केक. ते बघून डॉक्टरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं आणि बाकी सगळ्यांच्या तोंडाला सुटलं.

"कुणीही काही खायचं नाही!" बाई ओरडल्या.

"मग आणायला कशाला सांगितलंत?" खजिनदार नोरीन करवादली. "मी चालले घरी."

"बस खाली," बेरिल म्हणाली. "वर्षानुवर्षं डाएट करतेस, एक सकाळ खरंच करून बघ."

नोरीन बसली. सगळ्या प्लेटा स्वयंपाकघरात हलवल्या. तिथे बेरिलला गाडीनं घेऊन आलेला क्लॅरी चहाची वाट बघत बसला होता, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

अध्यक्ष म्हणून बेरिलचा नंबर पहिला. रक्त घेऊन झालं, छातीला तारा चिकटल्या, हृदयाची रेषा पडद्यावर पाठवणारी डबी कमरेला बांधली आणि तिला ट्रेडमिलच्या चालत्या पट्ट्यावर चढवलं. समोरच स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकीत क्लॅरी होता. त्यानं स्पंज कापण्याचीही तसदी घेतली नव्हती, सरळ हातानं उचलला होता.

"क्लॅऽऽरी! क्रीम बंद केलंय ना तुला!"

बेरिलनं पट्ट्यावरून उडी मारली. क्लॅरी स्पंज डोक्यावर धरून खुर्च्यांमधून पळाला.

"डावीकडनं घेर त्याला!" नोरीन ओरडली.

शेवटी त्याची कॉलर बेरिलच्या हाताला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंचे डोळे मात्र पडद्यावरच्या रेषेवर खिळले होते.

"बेरिल, आधी बसा. छातीत दाबल्यासारखं होतंय?"

"छे! गॅस आहे. नेहमीचाच."

"नेहमीचा? कधीपासून?"

"क्लॅरी रिटायर झाल्यापासून."

हॉलमध्ये खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बेरिलच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि रुग्णवाहिका बोलावली.

स्ट्रेचर घेऊन दोन धिप्पाड माणसं आत आली. "पेशंट कुठाय?"

अख्ख्या मंडळानं क्लॅरीकडे बोट दाखवलं. बेरिलनंसुद्धा. मिशीला क्रीम लागलेला क्लॅरीही सवयीनं स्ट्रेचरवर आडवा झाला.

"अहो, ते नाहीत! ह्या! ह्यांच्या हृदयाला रक्त कमी पडतंय!"

"ह्या बाई?" त्या दोघांतला एक म्हणाला. "नक्की ना?"

बेरिलला त्या सकाळी पहिल्यांदाच भीती वाटली, खरीखुरी भीती, आणि तिच्या पाठोपाठ सणसणीत राग आला. तिनं कमरेची डबी सावरली आणि स्ट्रेचरपाशी जाऊन उभी राहिली.

"ऊठ, क्लॅरी," ती म्हणाली. "ती जागा माझी आहे."